दिव्याचा झोत जमिनीकडेच हवा

महोदय,

हवा, पाणी आणि आवाजाच्या प्रदूषणावर आपण तावातावाने बोलतो. प्रकाशाच्या प्रदूषणाची मात्र कोणी दखलही घेत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशानुसार ८० टक्क्यांहून अधिक लोकांच्या डोक्यावरचे आकाश कृत्रिम उजेडाने डागाळलेले आहे. एक तृतीयांश लोकांना तर घराजवळून आकाशगंगा दिसतच नाही!

पण प्रश्न केवळ ताऱ्यांचा नाही. रात्री एखाद्या प्रखर पथदिव्याखाली उभे राहून पाहावे. पतंग आणि कीटक त्याच्याभोवती गरगरत राहतात, दमून खाली पडतात. रात्री उमलणाऱ्या फुलांचे परागीभवन करणारे कीटक यांतच असतात. समुद्रकासवांची नुकतीच जन्मलेली पिल्ले उजळ क्षितिजाच्या, म्हणजे समुद्राच्या दिशेने जातात. किनाऱ्यावरचे दिवे त्यांना उलट जमिनीकडे ओढतात. माणसाच्या शरीरातही निळसर पांढऱ्या उजेडामुळे मेलाटोनिन हे झोपेला मदत करणारे संप्रेरक कमी तयार होते आणि झोप बिघडते.

उपाय साधे आहेत, वीजही वाचवणारे आहेत. दिव्यांना वरून आणि बाजूंनी आडोसा असावा. पांढऱ्याफटक एलईडीऐवजी ३००० केल्विनपेक्षा कमी रंगतापमानाचे पिवळसर दिवे लावावेत (रंगतापमान म्हणजे उजेडाच्या छटेचे केल्विनमधले माप; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर). जाहिरातफलक आणि इमारतींवरची रोषणाई रात्री उशिरा बंद करावी. दिवे मंद केले तर सुरक्षिततेचे काय, असे विचारले जाते. खरे तर थेट डोळ्यांवर येणाऱ्या झोतामुळे पलीकडच्या सावलीत उभा असलेला माणूस दिसत नाही. स्थानिक प्रशासनाने पथदिव्यांच्या निविदेतच आडोसा आणि रंगतापमानाची अट घालावी.

– एक वाचक