मराठवाड्यातील दुचाकी मार्गांना काठिण्यश्रेणी द्या : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, आणि सुरक्षिततेचा विचार करता ते योग्यच आहे. त्यामुळे मोटारसायकलवरून मराठवाडा पाहू इच्छिणाऱ्यांचा प्रवास जुने महामार्ग, घाट आणि गावरस्ते यांवरूनच होतो. मोबाइलवरील नकाशा त्यांना अंतर आणि वेळ सांगतो. तो रस्ता आपल्याला झेपेल का, हे सांगत नाही. आपल्या विभागाने मराठवाड्यातील दुचाकी पर्यटन मार्ग निश्चित करून त्यांना सोपा, मध्यम आणि कठीण अशा श्रेणी द्याव्यात, ही माझी विनंती आहे.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबादमार्गे वेरूळ हा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता सुट्टीच्या दिवशी दौलताबादच्या जुन्या दरवाजापाशी तुंबतो, तरी नवख्या चालकाने सुरुवात करावी ती याच रस्त्यावर. त्यापुढचा कन्नडचा औट्रम घाट मात्र वेगळी तयारी मागतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता, हे आपणास स्मरत असेल. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात जाणाऱ्याने तर पेट्रोल, पंक्चरचे साहित्य आणि दिवस मावळण्याची वेळ या तिन्हींचा हिशेब घरूनच करून निघावे.

तथापि श्रेणी ठरवताना केवळ चढ आणि वळणे मोजून भागणार नाही, कारण आमच्याकडे रस्त्याची काठिण्यपातळी ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबरात सहज पार होणारा पाणंद रस्ता श्रावणात ओल्या काळ्या मातीचा होतो. ती माती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरायचे थांबते आणि भररस्त्यात काडीने चिखल खरवडत बसावे लागते. ओढ्यांवरील नळकांडी पुलांवरून पाणी वाहू लागले की खालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला, हे काठावरून कळत नाही. ऊसतोडणीच्या हंगामात बीड, धाराशिव, लातूरकडील रस्त्यांवर अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून एकाच मार्गाला पावसाळ्यासाठी, गळीत हंगामासाठी आणि उन्हाळ्यासाठी स्वतंत्र श्रेणी असावी, असे माझे ठाम मत आहे.

ही माहिती केवळ संकेतस्थळावर न राहता फाट्यावर दिसली पाहिजे. बालाघाटातून पाटोद्याकडे सौताड्याचा धबधबा पाहायला निघालेला प्रवासी प्रत्यक्ष निर्णय घेतो तो फाट्यावरच. तेथे पुढील रस्त्याची श्रेणी, पुढचा पेट्रोल पंप किती अंतरावर आहे आणि मोबाइलला रेंज कुठे जाते, एवढे मराठीत ठळकपणे लिहिलेला फलक असावा. अजिंठ्याला खासगी वाहन फर्दापूरच्या टी-जंक्शनलाच सोडून पुढे बसने जावे लागते. लांबून सामान बांधून आलेल्या दुचाकीस्वाराला तेथे हेल्मेट आणि बॅगा ठेवण्याची खात्रीची सोय हवी, आणि ती मिळणार असल्याचे त्याला निघण्यापूर्वी कळायला हवे.

हे काम सार्वजनिक बांधकाम विभागाला सोबत घेतल्याशिवाय होणार नाही. पहिल्या टप्प्यात वेरूळ-कन्नड आणि बीड-सौताडा हे दोनच मार्ग घ्यावेत, येत्या पावसाळ्यापूर्वी तेथे फलक लावावेत, आणि रस्त्याची स्थिती बदलताच श्रेणी बदलण्याचा अधिकार व जबाबदारी त्या त्या शाखा अभियंत्याकडे लेखी आदेशाने सोपवावी.

कळावे,

आपला नम्र,
छत्रपती संभाजीनगर येथील एक दुचाकी प्रवासी