हे असंच चालायचं, असं म्हणू नकोस

प्रिय लेका,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, जे सिनेमे बघत मी मोठा झालो ना, जग आता अगदी तसंच झालंय. कंपन्याच राज्य करतात, मशीन माणसांची कामं खातंय, आणि कुणाला काही वाटत नाही. यात आता काही होणं नाही." मी उत्तर देणार तेवढ्यात तुझ्या व्हीएफएक्सच्या, म्हणजे सिनेमांसाठी संगणकावर दृश्यं बनवण्याच्या, ऑफिसात तुला कुणीतरी शॉट परत दुरुस्तीला आलाय म्हणून हाक मारली. फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं, म्हणून हे पत्र.

तुझं पहिलं म्हणणं मला पटतं. कंपन्यांबद्दल, मशीनबद्दल तू जे बोललास त्यातला एकही शब्द मी खोडणार नाही. पण 'यात काही होणं नाही' हे तुझ्या आवडत्या सिनेमांनी कधीच सांगितलेलं नाही. ते तू बाहेरून कुठून तरी उचललंस, आणि त्याचीच मला काळजी वाटते.

'दे लिव्ह' घे. जॉन कार्पेंटरचा हा सिनेमा १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये लागला, अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या चारच दिवस आधी. रेगनच्या राजवटीची आठ वर्षं संपत होती. नायक आहे एक बेघर मजूर, आणि ती भूमिका रॉडी पायपर या कुस्तीपटूनं केली. काळा चष्मा डोळ्यांवर चढवला की त्याला जाहिरातींच्या फलकांवर 'आज्ञा पाळ', 'खरेदी कर', 'झोपून राहा' असे हुकूम दिसतात आणि नोटेवर 'हाच तुझा देव' असं लिहिलेलं दिसतं. लोकांना एवढंच लक्षात राहतं. मला मात्र त्यातली गल्लीतली मारामारी सगळ्यात मोलाची वाटते. नायक आपल्या मित्राला म्हणतो, हा चष्मा एकदा लावून बघ. मित्र नाही म्हणतो, आणि दोघं एकमेकांना पाच मिनिटांहून जास्त वेळ बडवत राहतात. बघणारे हसतात, कंटाळतात. पण हा मित्र कोण आहे ते आठव. पोलाद कारखान्यातले मजूर कसे नागवले गेले ते याच माणसानं आधी सांगितलेलं असतं: कंपन्या अडचणीत होत्या तेव्हा मजुरांनी पड खाल्ली, आणि बरे दिवस येताच मालकांनी स्वतःचेच पगार वाढवले. म्हणजे त्याला सगळं कळतं. बायकापोरं लांब आहेत, हातातलं काम टिकवायचंय, म्हणून त्यानं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंय. चष्मा लावला की गप्प बसता येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. नायक त्याला सोडून पुढे जात नाही, तेवढा वेळ त्याच्यासाठी खर्च करतो. मी ज्याला राजकारण म्हणते ते बहुतेक वेळा असंच असतं: आपल्या शेजारच्या माणसाशी दमेपर्यंत घातलेला वाद.

याच सिनेमावरून आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. पुढे काही नवनाझी मंडळींनी याचा अर्थ असा लावला की यातले परग्रहवासी म्हणजे ज्यू. २०१७ च्या जानेवारीत कार्पेंटरनं जाहीरपणे ते खोडून काढलं. हा सिनेमा माजलेल्या, बेलगाम भांडवलशाहीवर आहे, ज्यूंच्या कारस्थानाशी त्याचा काहीएक संबंध नाही, असं त्याला स्वतःला सांगावं लागलं. 'मॅट्रिक्स' सिनेमात जी लाल गोळी घेतली की खरं जग दिसतं, तिचंही तेच झालं. स्त्रियांचा द्वेष करणाऱ्यांनी ती आपल्या खिशात घातली. आजच्या राजकारणात मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. पगार वाढत नाही, घर परवडत नाही, नोकरी कधी जाईल ते सांगता येत नाही, हा राग खरा आहे. पण वड्याचं तेल वांग्यावर काढणारे टपूनच बसलेले असतात. ते राग उचलतात आणि स्थलांतरितांवर, अल्पसंख्याकांवर, आपल्याहूनही कमी असणाऱ्यांवर ओततात. तुला कुणी 'डोळे उघड' म्हणालं तर आधी बघ, तो बोट कुणाकडे दाखवतोय.

'रोबोकॉप' तू कितीतरी वेळा पाहिला असशील. १९८७ चा सिनेमा आहे, पॉल व्हरहोव्हनचा. डेट्रॉइटचे पोलीस एका कंपनीच्या ताब्यात गेलेत. मेलेल्या पोलिसाचं शरीर वापरून कंपनी यंत्रमानव बनवते आणि त्याच्यात तीन नियम घालते: जनतेची सेवा, निरपराधांचं रक्षण, कायद्याची अंमलबजावणी. चौथा नियम त्याच्यापासूनच लपवलेला असतो. कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याला अटक करायला गेला की तो जागच्या जागी कोलमडतो. हा एक प्रसंग मला आज एआयवरच्या सगळ्या चर्चांपेक्षा जास्त शिकवतो. मशीन किती हुशार आहे यावर लोक तासन्‌तास बोलतात. त्याच्यात चौथा नियम कुणी लिहिला आणि कुणाला वाचवायला लिहिला, हे कुणी विचारत नाही. शेवट तर नीट बघ. खलनायकाला गोळी घालता यावी म्हणून रोबोकॉपला थांबावं लागतं, आणि कंपनीचा म्हातारा मालक त्या माणसाला नोकरीवरून काढतो तेव्हा कुठे त्याचा हात उठतो. बघणारे टाळ्या वाजवतात, पण चौथा नियम अजून त्याच्या डोक्यात तसाच आहे.

आता तू म्हणशील, हे सगळं तर निराशेचंच झालं. म्हणून 'डीप स्पेस नाइन'कडे येते. स्टार ट्रेकच्या मालिकांमधली ही माझी सगळ्यात लाडकी. १९९५ च्या जानेवारीत तिचे 'पास्ट टेन्स' नावाचे दोन भाग आले. त्यात चोविसाव्या शतकातली माणसं चुकून २०२४ च्या सॅन फ्रान्सिस्कोत येऊन पडतात. तिथे बेकार आणि बेघर लोकांना भिंती घालून एका वस्तीत कोंडलंय, आणि त्या वस्तीला नाव दिलंय आश्रयाचं. बाहेर श्रीमंतांच्या पार्ट्या चालू आहेत, भिंतीपलीकडचं कुणाला बघायचं नाही. तिथे नोंदणीच्या टेबलावर एक बाई आहे, लेखनिक. ती दुष्ट नाही, उलट मायाळू आहे. एका बाईला तिनं पूर्वी नियम मोडून हळूच जाऊ दिलं होतं, त्यापायी तिची नोकरी जाता जाता वाचली. भविष्यातून आलेला डॉक्टर तिची समजूत घालतो, हे जग असं आहे त्यात तुमचा दोष नाही. ती म्हणते, सगळेच स्वतःला असंच समजावतात, आणि म्हणून काहीच बदलत नाही. कुठलंही भाषण नाही, पार्श्वसंगीताची चढाई नाही. थकलेली एक बाई टेबलापाशी बसून हे बोलते. तुझं परवाचं वाक्य ऐकल्यापासून मला तिचा चेहरा डोळ्यांसमोर दिसतोय.

पुढे त्या वस्तीत उठाव होतो. उठाव करणाऱ्यांच्या मागण्या काय असतात? सिंहासन नको, सूड नको. काम द्या, वस्ती बंद करा, आणि इथल्या माणसांना स्वतःच्या तोंडानं जगाशी बोलू द्या. मग एकेक जण कॅमेऱ्यापुढे येऊन सांगतो, मी कोण होतो, काय काम करत होतो, इथे कसा आलो. बाहेरच्यांच्या लेखी तोवर ते नुसते आकडे होते.

त्याच मालिकेत १९९६ मध्ये बारमधल्या नोकरांच्या संपावर अख्खा एक भाग आहे. कान ठणकतोय तरी रजा नाही म्हणून रॉम नावाचा तिथला नोकर युनियन काढतो. तो एका जागी सांगतो, आमच्या लोकांना शोषण थांबवायचं नसतं, आपण स्वतः शोषण करणारे कधी होऊ याची ते वाट बघतात. हे वाक्य ऐकताना आपल्या ओळखीतली किती माणसं आठवतात!

आणि 'अँडोर', ती स्टार वॉर्सची मालिका. तू मला ती बघायला लावलीस, त्याबद्दल तुझे उपकार मानते. पहिल्या सीझनमधला तो तुरुंग मी दोनदा पाहिला. पांढऱ्याशुभ्र खोल्या. एका खोलीत सात टेबलं आणि दर टेबलावर सात माणसं. सगळे अनवाणी, कारण जमिनीतूनच विजेचा झटका देता येतो. दिवसभर कसले तरी यंत्राचे भाग जोडायचे. जे टेबल मागे पडेल त्याला झटका, जे पुढे जाईल त्याच्या जेवणाला चव. पहारेकरी फारसे लागतच नाहीत, कारण टेबलं एकमेकांवर पहारा ठेवतात. तुझ्या ऑफिसात भिंतीवरच्या स्क्रीनवर कुणाचे किती शॉट झाले ते सगळ्यांना दिसतं, असं तू सांगितलं होतंस. मी अतिशयोक्ती करत नाही, तुरुंग आणि ऑफिस यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण माणसाला माणसाशी शर्यतीत जुंपायचं तंत्र तेच आहे.

त्या तुरुंगातली माणसं कधी उठतात ते आठव. हाल सोसवेनात म्हणून ती उठत नाहीत. शिक्षा संपवून 'सुटलेला' कैदी दुसऱ्याच मजल्यावर परत आणून टाकलाय, हे कळतं तेव्हा उठतात. मान खाली घालून दिवस भरले की सुटका, हा सौदाच खोटा निघतो. तोवर कैद्यांना दटावणारा, कामाचा वेग वाढवायला लावणारा किनो त्यांचाच मुकादम असतो, आणि शेवटी माइकवर तोच बोलतो. दरवाजे उघडतात, हजारो माणसं समुद्रात उड्या घेतात, आणि काठावर उभा राहून तो सांगतो की त्याला पोहता येत नाही. मी त्या क्षणी टीव्ही थांबवला होता.

तू लगेच म्हणशील, हे सगळं डिस्नेनंच तर विकलं. खरंय. बंडाची गोष्ट विकून नफा कमावणारी कंपनी तीच. पण ती गोष्ट लिहिणाऱ्यांनी काय केलं तेही बघ. २०२३ च्या २ मे रोजी अमेरिकेतल्या साडेअकरा हजार पटकथा लेखकांनी लेखण्या खाली ठेवल्या. 'अँडोर'चा कर्ता टोनी गिलरॉय दुसऱ्या सीझनच्या ऐन मध्यावर होता, त्यानं लिहिणं थांबवलं आणि पुढे निर्मितीचं कामही सोडलं. संप १४८ दिवस चालला. जुलैत कलाकारही उतरले. या लेखकांनी मशीनच्या बंडाच्या किती गोष्टी लिहिल्या असतील! प्रत्यक्षात त्यांचा लढा मशीनशी नव्हताच. मशीन कुणाच्या हातात आणि कुणाच्या पोटावर, एवढाच प्रश्न होता. करारात शेवटी आलं की एआयनं लिहिलेला मजकूर लेखकाचं श्रेय आणि मोबदला हिरावून घेण्यासाठी वापरता येणार नाही, आणि कंपनी लेखकाला एआय वापरण्याची सक्ती करू शकणार नाही. हव्या त्या सगळ्या गोष्टी मिळाल्या नाहीत. पण जे मिळालं ते 'यात काही होणं नाही' म्हणणाऱ्यांना मिळालं नसतं.

आता तुझ्याकडे येते. संप ऐन भरात होता त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मार्व्हल स्टुडिओच्या व्हीएफएक्स कामगारांनी युनियनसाठी मतदान केलं. विरोधात एकही मत पडलं नाही. निव्वळ व्हीएफएक्सवाल्यांच्या गटानं आयएटीएसई या सिनेमा-नाटकांतल्या कामगारांच्या मोठ्या संघटनेत जाण्याची ती पहिलीच वेळ होती. तुझ्यासारखीच मुलं, तुझंच काम. रोटो म्हणजे चित्रातल्या आकृत्या कापून वेगळ्या करणं, कंपॉझिटिंग म्हणजे चित्रांचे थर जुळवणं, रात्रभर रेंडर, आणि नावं श्रेयनामावलीच्या अगदी तळाशी, ती वर यायच्या आत लोक उठून गेलेले. अंतराळयान फुटताना बघून आपला श्वास अडकतो, तो स्फोट कुणीतरी खुर्चीत पाठ मोडेपर्यंत बसून केलेला असतो. हे सिनेमे बघताना तू नेहमी बंडखोरांच्या जागी स्वतःला ठेवतोस. मला वाटतं, ते यंत्राचे भाग जोडणारी जी माणसं आहेत, तीही तूच आहेस.

तू लगेच काही मोठं करावंस, नोकरी पणाला लावावीस, असं मी मुळीच म्हणत नाही. तुझ्या टेबलाशेजारची ती मुलगी, जिचे तीन महिन्यांचे जादा तास कंपनीनं मोजलेच नाहीत, तिच्याशी तू बोललास का? तुझे स्वतःचे तास तू कुठे लिहून ठेवतोस का? करारात तुझं काम मशीनला शिकवायला वापरण्याबद्दल काही कलम आहे का? ते पान मला पाठव, मी वाचते. मला कायद्याची भाषा येते आणि वेळही आहे. आणि तिला घेऊन 'पास्ट टेन्स'चे दोन्ही भाग बघ, मग दोघांनी मिळून मला फोन कर. रविवारी दुपारी मी मोकळी आहे.

तुझी,
आई