माजाळीच्या मामांना, खानापुराहून

मामा, सप्रेम नमस्कार.

त्या गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. कारवारकडचं कुणीतरी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल.

जानेवारीतल्या त्या सकाळी तुमची होडी किनाऱ्याला लागली, तेव्हा मासळीबरोबर जाळ्यात एक ऑलिव्ह रिडले कासव होतं. मान लोंबलेली. पुढच्या पायाला तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, एवढा आवळलेला, की कातडी चिरून आत रुतला होता. संपलं असं समजून मी लेकाला मागं ओढलं. तुम्ही मात्र सुरी काढलीत आणि सरळ जाळं कापलंत. सावकाश सोडवत बसला असतात तर जाळं वाचलं असतं, हे मला फार उशिरा उमगलं.

मग त्याला पाण्यात न ढकलता तुम्ही होडीच्या सावलीत ठेवलंत. मागची बाजू दोराच्या वेटोळ्यावर उचललेली, पाठीवर ओलं गोणपाट. कासवाला आपल्यासारखीच फुप्फुसं, श्वास घ्यायला वर यावंच लागतं. जाळ्यात घुसमटून निपचित पडलेलं कासव तसंच समुद्रात सोडलं तर बुडून मरतं. आधी फुप्फुसांतलं पाणी निथळू द्यायचं आणि थांबायचं, कितीही तास लागोत. तुम्ही हे लेकाला समजावत होतात आणि तिकडे तुमची मासळी टोपलीत उन्हाला पडली होती. शेपूट आखूड म्हणजे मादी, हेही तुम्हीच दाखवलंत. एका खेपेला शंभरेक अंडी घालणारी. दुपार कलल्यावर तिनं मान वर करून मोठ्यानं श्वास सोडला, तेव्हा मला रडूच आलं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या कासवाला सर्वांत वरचं संरक्षण दिलंय. ट्रॉलरच्या जाळ्याला कासव निसटायला वाट ठेवणारं साधनही बसवता येतं. तुमच्यासारख्यांच्या होडीत मात्र सगळा भार सुरी धरणाऱ्या माणसावर, आणि भुर्दंडही त्याच्याच खिशाला. हे मला आतून लागून राहिलंय.

कापलेल्या जाळ्याचा वीतभर तुकडा मी शाळेत नेला. चौथीच्या मुलांनी त्यात बोटं अडकवून पाहिली. ओढावं तसा फास बसतो. वर्ग अगदी गप्प झाला होता.

शिमग्याच्या सुट्टीत आम्ही पुन्हा येतोय. बेळगावहून नवा तंगूस घेऊन येईन, नको म्हणू नका. जाडी आणि आसाचं, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं, माप तेवढं कळवा.

तुमची,
खानापूरची बाई