गोदाकाठच्या खोल्यांबद्दल, मोझेलकाठावरून

ब्रेम, मोझेल नदीकाठ, जर्मनी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होतो आणि ट्रेन बोगद्यात. निम्मं ऐकू आलं, निम्मं अंदाजाने जुळवलं. मळ्यातल्या जुन्या घरापुढे नदीच्या अंगाला चार खोल्या काढायच्या, त्यासाठी द्राक्षाचा खालचा तुकडा मोडायचा आणि सिंहस्थाच्या आत भाडं सुरू करायचं, असं काहीसं तू म्हणालास. मी "लिहितो" म्हटलं आणि लाइन गेली. तो बोगदा कोखेम नावाच्या गावापाशी सुरू होतो आणि चार किलोमीटरहून लांब आहे. नदी तिथे इतकी वेडीवाकडी फिरते की रेल्वेवाल्यांनी तिचा नाद सोडला आणि १८७९ मध्ये डोंगरातूनच गाडी काढली. तेव्हा दोष माझ्या फोनचा नाही.

योगायोग बघ, आम्ही निघालो होतो ते अशाच एका घरात राहायला. द्राक्षवाल्याचं घर, छोटं खेडं, समोर नदी, आणि सगळ्यात वरचा मजला पाहुण्यांना भाड्याने. इकडे याला फेरीनवोनुंग म्हणतात. हॉटेल नाही, स्वयंपाकघरासकट आख्खं बिऱ्हाड. मेधा म्हणाली, सुधीरभाऊजींना नुसतं मत कळवू नका, हे घर नीट बघा आणि मग लिहा. म्हणून सुट्टी सोडून घराची पाहणी करत बसलोय.

आधी बाग सांगतो, नाहीतर तुझं लक्ष पुढे लागणार नाही. गावाच्या पाठीला काल्मोंट नावाचा डोंगर आहे. नदीपासून जवळजवळ ३०० मीटर उंच, आणि काही ठिकाणी उतार ६५ अंशांपर्यंत. त्यावर द्राक्षं! युरोपातल्या सगळ्यात उभ्या बागांमध्ये हिची गणना होते. आपल्यासारखा मांडव नाही, वाय आकाराचे खांब-तारा नाहीत. जुन्या पद्धतीत एका वेलीला एक खांब, आणि दोन काड्या वाकवून हृदयाच्या आकारात त्याला बांधलेल्या. माती म्हणजे पाटीच्या दगडाच्या चिपा. दिवसा तापतात, रात्री वेलीला ऊब देतात. जात रीसलिंग, वाइनची. ट्रॅक्टर चढणं शक्यच नाही, म्हणून दाते असलेला एकच लोखंडी रूळ डोंगरावर टाकलाय आणि त्यावरून मोटारीची छोटी गाडी माणसं आणि माल वर नेते. तरी छाटणी हाताने, तोडणीही हाताने. मजुरी म्हणशील तर तुझं दुखणं आणि यांचं दुखणं एकच. जिथे माणूस मिळाला नाही तिथले कठडे पडलेत आणि काटेरी झुडपं माजलीत. खालून बघताना हिरव्या चौकटींमधली ती गबाळी ठिकाणं लगेच ओळखू येतात.

घरमालक साठीचे असतील. बागेने पोट भरतं का, असं मी सरळ विचारलं. ते म्हणाले, वाइनचं वर्ष चांगलंही जातं, वाईटही जातं; वरच्या मजल्याचं भाडं मात्र ईस्टरपासून तोडणी संपेपर्यंत येत राहतं, आणि उभ्या उतारावरची मजुरी त्यातून निघते. सुधीर, बाग टिकावी म्हणून यांनी खोल्या दिल्यात. तू खोल्यांसाठी बाग मोडायला निघालायस. पाहुणा इथे येतो तो ही बाग बघायला. ती काढलीस तर उरतात चार खोल्या, आणि तशा नाशिक-औरंगाबाद रोडला ढीगभर आहेत.

आता घर. तळमजल्यावर राहणारं कोणी नाही. तिथे द्राक्षं पिळायचं यंत्र, पिंपं, ट्रॅक्टर आणि पाहुण्यांच्या सायकली. फरशी धुता येईल अशी, भिंतींना लाकूड नाही, विजेचे बोर्ड माझ्या डोक्याच्याही वर. घर गरम ठेवायच्या तेलाची टाकी लोखंडी पट्ट्यांनी जमिनीला जखडलेली, कारण पुरात अर्धी रिकामी टाकी तरंगते, पाइप तुटतात आणि घरभर तेल पसरतं. पहिल्या मजल्यावर मालक राहतात, दुसऱ्यावर आम्ही. म्हणजे सगळ्यात चांगला देखावा पाहुण्याला आणि सगळ्यात खालची जागा नदीला.

यामागे अनुभव आहे. या खोऱ्यातल्या गावांत घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा कोरलेल्या असतात, प्रत्येकीपुढे साल. कोखेमला १७८४ ची आहे आणि १९९३ च्या डिसेंबरची आहे. त्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर, नदी गावात शिरली होती. आपल्याकडे रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून पूर मोजतात ना, त्यातलाच प्रकार. मोझेलवर जागोजागी बांध आहेत, पण ते बोटींसाठी. १९६४ मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांनी मिळून ही नदी मोठ्या मालवाहू बोटींना खुली केली. पूर अडवणं हे त्या बांधांचं काम नाही, आणि ते कोणी त्यांच्याकडून धरतही नाही.

गेल्या डिसेंबरची गंमत ऐक. इथून खाली म्युडेन गावापाशी एक मालवाहू बोट लॉकच्या, म्हणजे बांधापाशी बोटींना खाली-वर करणाऱ्या पाण्याच्या कोठीच्या, दरवाजावर जाऊन आदळली. दरवाजा गेला आणि नदीच बंद! वरच्या बाजूला सत्तरच्या आसपास बोटी अडकल्या. तात्पुरती फळी लावून एकेक बोट खाली सोडत बसले, आणि लॉक पुन्हा चालू झालं ते फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला. मालकीणबाई सांगत होत्या, लोखंडाच्या आणि धान्याच्या बोटी दिसेनाशा झाल्या आणि गावाला चुकल्यासारखं झालं.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. मोझेल मोठी नदी, तिचा पूर वरून सरकत येतो आणि सामान हलवायला वेळ देतो. इथून फार लांब नाही, आहर नावाची एक छोटी नदी आहे. जुलै २०२१ मध्ये एका रात्रीत ती इतकी चढली की त्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. ती नदीसुद्धा द्राक्षाचीच, आणि तिच्या काठावरसुद्धा अशीच पाहुण्यांची घरं होती.

आता तुझ्या सिंहस्थाकडे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पण पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आणि पुढची दोन ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे ज्या दिवसांत खोली रिकामी राहणार नाही, नेमक्या त्याच दिवसांत गंगापूर धरणाचं पाणी सुटतं. २०१६ ला चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरलं ते ऑगस्टच्या सुरुवातीलाच. २०१९ लाही ऑगस्टच. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा गाळाने भरलेला, पाण्याला फुगायला वेळ लागत नाही. तुझ्या आण्णांनी तेव्हा गुरं कुठे नेली होती ते आठव, आणि तिथे चार परक्या कुटुंबांना झोपवायचं का ते ठरव. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. खालचा तुकडा कुठल्या रेषेत येतो ते पाटबंधारे खात्याच्या नकाशावर बघ. तलाठ्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस.

इथे सगळं गोडच आहे असं नाही. जाहिरातीतल्या फोटोत खिडकी आणि नदी एवढंच होतं. दोन्हींच्या मधून हमरस्ता जातो हे इथे आल्यावर दिसलं. आज रविवार, सकाळपासून मोटारसायकलवाल्यांच्या झुंडी चालू आहेत. गावात किराणा दुकान नाही. पाववाल्याची गाडी भोंगा वाजवत येते, तेवढ्या वेळात जिना उतरलात तर पाव, नाहीतर कालचा. भाडं दोघांचं दिवसाला ८० युरो, वर शेवटच्या साफसफाईचे वेगळे, टॉवेल-चादरींचे वेगळे, आणि गावाचा पाहुणेकर वेगळा. जर्मन नागरिकांना या वर्षापासून मुक्कामाचा फॉर्म भरावा लागत नाही. आम्हा परदेशी पासपोर्टवाल्यांना अजून भरावा लागतो. वीस वर्षं कर भरून मी आपला नाव, गाव, सही करत बसलो.

टेबलावर नियमांची एक फाइल आहे. खिडक्या दिवसातून किती वेळा सताड उघडायच्या, कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात, दुपारी आवाज करायचा नाही, काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत. मेधाला आधी राग आला, मग पटलं. कारण त्या फाइलमुळे मालक दिवसभर आपल्या बागेत असतात. कोणी चहा आणून देत नाही, कोणी "साहेब, काही हवं का" विचारत नाही. कपाटात सहा-सहा ताटं, वाट्या, सुऱ्या, अंडं ठेवायच्या कपांसकट. आपण आणावं, करावं, धुऊन ठेवावं. तुझ्या योजनेत मला सगळ्यात जास्त काळजी वहिनींची वाटते. चुलीवरचं जेवण, पिठलं-भाकरी, हुरडा हे सगळं तू धडाधड सांगितलंस. करणार कोण, तेवढं बोलला नाहीस. घरात स्वयंपाकघर देऊन टाक. भाजी मळ्यातली दे, दूध दे, आणि जेवण हवंच असेल तर आदल्या दिवशी सांगा आणि वेगळे पैसे द्या, असं स्पष्ट लिही.

माझं म्हणणं एवढंच. खाली बांधू नकोस. रस्त्याकडच्या उंचवट्यावर तुमचं बेदाण्याचं शेड आहे, त्याच्यावर एक मजला चढव. चार खोल्या नकोत. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि नदीकडे तोंड केलेला मोठा ओटा असं एकच बिऱ्हाड कर. खाली शेड राहू दे. भाडं कुंभापुरतं धरू नकोस. नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालं. हिवाळ्यात तिथे परदेशी पक्षी उतरतात, आणि जानेवारीनंतर तुझी द्राक्षं तोडणीला येतात. चार महिने तुझ्याकडे दाखवायला भरपूर आहे. पावसाळ्यात सरळ कुलूप लाव. कुंभाच्या तीन स्नानांचे पैसे बुडतील, हे मान्य. ते कृषी पर्यटनाच्या नोंदणीचंही आत्ताच बघून घे, नंतर फाइल घेऊन फिरण्यात हंगाम जातो.

गोडी छाटणी कुठवर आली? या वर्षीचा मे-जूनचा पाऊस बघता काडीत घड किती निघाले ते कळव, मला खरंच जाणून घ्यायचंय. शेडचं मोजमाप, पायाची खोली आणि कॉलम किती इंचांचे ते आण्णांना विचारून पाठव. इथे माझ्या ओळखीचा एक सांगलीकडचा स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, फुकट बघून देईल. वरचा मजला पेलत नसेल तर तो तोंडावर सांगेल, माझ्यासारखी पानं भरणार नाही.

आक्कांना नमस्कार. वहिनींना हे पत्र वाचायला दे, तू वाचून दाखवू नकोस. स्वयंपाकाचा परिच्छेद गाळशील.

तुझा,
मिलिंद