बंबात गेलेली बॅट

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "थांब, आईकडे देतो" म्हणता, आणि मीही सुटल्यासारखा तिच्याशी भाजीपाल्याचं बोलत बसतो. म्हणून हे लिहून पाठवतोय.

तुमचा नातू सध्या 'वन ट्री हिल' नावाची जुनी अमेरिकन मालिका बघतोय. २००३ ते २०१२, नऊ सीझन. शाळेतली मुलं आणि त्यांचा बास्केटबॉल. गाव काल्पनिक, पण चित्रीकरण इथून दोन तासांवरच्या विल्मिंग्टनला झालेलं, त्यामुळे त्याला तिचं फार अप्रूप. मी सहज शेजारी टेकलो आणि उठू शकलो नाही.

त्यात डॅन स्कॉट नावाचा बाप आहे. एके काळी तो शाळेच्या संघाचा हिरो होता. आता त्याचा मुलगा नेथन त्याच संघात खेळतो, तर बाप त्याच्या खेळातल्या चुका काढत मागे लागलेला. त्या दडपणापायी पोरगा गोळ्या घेतो आणि भर सामन्यात कोसळतो. मग एका भागात डॅनचे वडील, रॉयल, घरी येतात. एवढा दांडगा डॅन त्यांच्यापुढे एकदम शाळकरी पोर होतो. रॉयलना डॅन प्रिय, कारण तो खेळाडू. थोरला कीथ गॅरेज चालवतो, त्याची त्यांना किंमत नाही. डॅनने जन्माआधीच टाकलेल्या मुलाला, लुकासला, बापाची माया लावली ती मात्र या कीथने.

तो भाग बघताना मला आप्पाआजोबा दिसायला लागले.

आई, तू मला एकदा सांगितलं होतंस, पापड लाटता लाटता. सहामाहीत बाबा गणितात नापास झाले आणि आप्पांनी त्यांची बॅट उचलून बंबात घातली. त्या पाण्याने घरातल्या सगळ्यांनी अंघोळ केली, बाबांनीसुद्धा. बाबा, तुम्ही हे मला कधीच सांगितलं नाहीत. मी आठ वर्षांचा असताना तुम्ही बॅट आणलीत, तिला आठवडाभर जवसाचं तेल लावत बसलात. मला वाटायचं, एवढं कशाला? पहाटे पाचला उठवून शाहू स्टेडियमवर न्यायचात. माझे दात थंडीने वाजायचे, तुम्ही मफलर माझ्या गळ्यात गुंडाळायचात आणि चेंडू टाकत राहायचात.

आणि मग सोळा वर्षांखालची जिल्हा निवड. मी शून्यावर बाद झालो. तुम्ही स्कूटर सुरू केलीत, मी मागे बसलो, घरापर्यंत एक शब्द नाही. त्यानंतर अकरा दिवस नाही. मी मोजले होते, बाबा.

डॅनशी मी तुमची बरोबरी करत नाही. तो तर पुढे सख्ख्या भावाला गोळी घालतो. माझ्या टायफॉइडमध्ये रात्र रात्र उशाशी बसलेले तुम्ही मला आठवता. पण ते अकरा दिवस मी इथवर बरोबर आणले, हे मला मागच्या महिन्यात कळलं. बास्केटबॉलच्या सामन्यात नातवाचे शेवटच्या मिनिटात दोन फ्री थ्रो चुकले, सामना हातचा गेला. परत येताना मी गाडीत गप्प. वीस मिनिटांनी मागून आवाज आला, "बाबा, काहीतरी बोल ना." मी गाडी बाजूला घेतली. डोळे भरून आले होते आणि काही सुचेना. शेवटी विचारलं, "भूक लागलीय का रे?"

मालिकेत डॅन शेवटच्या सीझनमध्ये नेथनला सोडवताना बंदुकीची गोळी अंगावर घेतो, आणि तो मरत असताना मुलगा त्याला माफ करतो. सगळे रडतात. मला तो शेवट पटला नाही. इतकं बोलायला मरणापर्यंत कशाला थांबायचं? मला जास्त पटला तो नातवाबरोबरचा डॅन. नेथनच्या मुलापाशी, जेमीपाशी, तो मऊ होतो, जसे तुम्ही होता. नातवाशी तासभर बोलता तुम्ही, हरल्याचंही विचारता, हसता. दाराआडून ऐकताना मला बरं वाटतं, आणि कुठेतरी दुखतंही.

आप्पांवर राग नाही. पोस्टातला एक पगार आणि घरात सात माणसं, पोरगं खेळण्यात वाया जाईल ही त्यांना धास्तीच असणार.

रविवारी सकाळी तुमच्या चहाच्या वेळी फोन करतो. लगेच आईकडे देऊ नका. मला त्या बॅटबद्दल तुमच्या तोंडून ऐकायचंय. कुठून आणली होतीत, पैसे कसे जमवले होतेत, सगळ्यात जास्त धावा कधी काढल्या होत्यात. आई, तू तेवढा वेळ त्यांच्याजवळच बस, पण मध्ये बोलू नकोस.

तुमचा,
दादा