संमतिपत्रावरील सहीबद्दल आभार

आदरणीय महोदया आणि महोदय,

सविनय नमस्कार.

आपली नावे मला ठाऊक नाहीत आणि ती कधी ठाऊक होणारही नाहीत, कारण संशोधनाच्या नियमांनुसार ती गोपनीय ठेवली जातात आणि तेच योग्य आहे. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर उपाय म्हणून आपल्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, त्या वेळी काढावा लागलेला आणि एरवी नष्ट केला गेला असता असा मेंदूचा लहानसा भाग आपण संशोधनासाठी वापरू दिलात आणि तशा संमतिपत्रावर सही केलीत, एवढीच आपली ओळख माझ्याजवळ आहे. मी वैद्यकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मज्जासंस्थेची रचना आणि कार्य शिकवते. मानवी मेंदूविषयी अलीकडच्या काळात जे नवे ज्ञान हाती आले, त्यातील बराच भाग आपल्यासारख्यांच्या सहीवर उभा आहे, आणि तरीही शोधनिबंधांत आपला उल्लेख कार्यपद्धती सांगणाऱ्या परिच्छेदातील एखाद्या वाक्यात आटोपतो. त्या वाक्याहून थोडे अधिक काही आपल्याला उद्देशून लिहिले जावे, म्हणून हे पत्र.

आपण दिलेल्या ऊतीचे मोल नेमके कशात आहे, ते आधी सांगते. अपस्माराचे झटके पुष्कळदा टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या, आतल्या बाजूला असलेल्या आणि स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पसच्या परिसरात सुरू होतात. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी शल्यविशारदाला वरच्या कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाह्य थराचा, काही भाग काढावा लागतो. हा भाग बऱ्याचदा रोगाच्या मूळ जागेपासून दूरचा असतो, सूक्ष्मदर्शकाखाली तो बहुतांशी निरोगी दिसतो आणि मुख्य म्हणजे तो जिवंत असतो. मरणोत्तर मेंदूदानातून मिळालेल्या ऊतीने विज्ञानाला पुष्कळ काही दिले आहे आणि त्या दात्यांचे ऋण हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. परंतु रक्तपुरवठा थांबताच चेतापेशींचे विद्युत्कार्य काही मिनिटांतच ढासळू लागते, आणि ते मोजायचे असेल तर मरणोत्तर ऊतीचा फारसा उपयोग होत नाही. आपल्या बाबतीत शस्त्रक्रियागृहातून निघालेला तुकडा प्राणवायू मिसळलेल्या थंडगार क्षारद्रावणात लगोलग ठेवला गेला आणि प्रयोगशाळेत त्याचे काप करून पुढचे कित्येक तास त्यातील पेशींचे व्यवहार मोजता आले. हे काम उंदराच्या मेंदूवर रोज होते. माणसाच्या मेंदूवर ते करण्याची संधी जवळजवळ केवळ आपल्यासारख्या रुग्णांमुळेच मिळते.

अपस्माराच्या रुग्णांनी मज्जाशास्त्राला शिकवण्याची परंपरा जुनी आहे, मात्र त्या परंपरेतील सगळेच अभिमानाने सांगावे असे नाही. अपस्माराचे अमेरिकी रुग्ण हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग १९५३ मध्ये काढण्यात आला. झटके कमी झाले, पण नव्या घटना स्मरणात साठवण्याची त्यांची क्षमता कायमची गेली. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते स्मृतीविषयक संशोधनाचा विषय होऊन राहिले आणि जगाला त्यांची केवळ आद्याक्षरे माहीत होती. आठवणच टिकत नसलेल्या माणसाची संमती कितपत खरी मानावी, हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला आणि तो विचारायलाच हवा होता. आपल्याला सगळे समजावून सांगण्यात आले, नाही म्हणण्याचा हक्क आपल्यापाशी होता, नकार दिला असता तरी उपचारांत काहीही फरक पडणार नव्हता, आणि तरीही आपण होकार दिलात. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी माणसाच्या मनात दुसऱ्या कशालाही फारशी जागा उरत नसावी, असे मला वाटते. त्या अवस्थेत अनोळखी लोकांच्या कुतूहलाला जागा करून देणे ही साधी गोष्ट नव्हे.

आता त्या होकारातून काय निघाले, त्याविषयी.

आपल्यापैकी एका व्यक्तीच्या टेम्पोरल कॉर्टेक्सचा टाचणीच्या डोक्याएवढा, म्हणजे सुमारे एक घन मिलिमीटर आकारमानाचा तुकडा हार्वर्ड विद्यापीठात जेफ लिख्टमन यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. तेथे त्याचे सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचे, पाच हजारांहून अधिक काप करण्यात आले, प्रत्येक कापाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छायाचित्रे घेतली गेली आणि गूगलमधील संशोधकांच्या गटाने संगणकाच्या साहाय्याने ती एकमेकांशी जुळवून प्रत्येक तंतूचा माग काढला. २०२४ च्या मे महिन्यात ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. एवढ्याशा तुकड्यात सुमारे ५७,००० पेशी आणि सुमारे १५ कोटी सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधील जोडण्या, आढळले, आणि सगळी माहिती १.४ पेटाबाइट, म्हणजे १४ लाख गिगाबाइट भरली. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींची संख्या तेथे चेतापेशींच्या दुपटीच्या घरात होती. एक अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीतून संकेत बाहेर नेणारा लांब तंतू, दुसऱ्या पेशीला बहुधा एकाच ठिकाणी जोडला जातो, पण काही विरळ तंतू एकाच पेशीशी पन्नासच्या आसपास सिनॅप्स करतात, हेही त्या तुकड्यातच लक्षात आले. इतक्या बळकट जोडण्या कशासाठी असतील, याविषयी तर्क करता येतात. कदाचित पुन्हापुन्हा केल्याने अंगवळणी पडलेल्या कृतींचा मार्ग अशा जोडण्यांतून जात असेल, पण तो अजून तर्कच आहे. काही अक्षतंतू तर स्वतःभोवतीच गुंडाळले जाऊन गाठीसारखे दिसले. ही गाठ प्रत्येक माणसात असते, की अपस्मारामुळे वा त्यावरील औषधांमुळे झाली, हे सांगता येत नसल्याचे संशोधकांनी मोकळेपणाने नमूद केले आहे.

हे काम प्रसिद्ध होताच मेंदूचा नकाशा पूर्ण झाल्याचे मथळे झळकले. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि आपल्यापैकी एकाने दिलेला तो तुकडा संपूर्ण मेंदूचा सुमारे दहा लाखावा भाग होता, त्यामुळे असे मथळे वाचून मला थोडी चीडच येते. सूत्रकृमीच्या ३०२ चेतापेशींची जोडणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली, फळमाशीच्या प्रौढ मेंदूतील १,३९,२५५ चेतापेशींचा आराखडा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आला, आणि २०२५ मध्ये उंदराच्या दृष्टिकेंद्रातील एका घन मिलिमीटरचा आराखडा तेथील पेशींच्या सक्रियतेच्या नोंदींसह उपलब्ध झाला. डीएनएच्या रचनेच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेले फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्ये अशक्य गोष्टीचे उदाहरण म्हणून एका घन मिलिमीटरचा असा जोडणी आणि सक्रियता दाखवणारा आराखडाच सांगितला होता. पण या मालिकेत माणसाचा मेंदू आणायचा तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्राण्याकडे वळता येत नाही. कुणीतरी माणसानेच तो द्यावा लागतो.

आराखडा हाती आला तरी एक मोठी उणीव राहते आणि विद्यार्थ्यांना ती समजावून देणे मला नेहमीच महत्त्वाचे वाटते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला आकार दिसतात, रसायने दिसत नाहीत. सिनॅप्सच्या आकारावरून तो पुढच्या पेशीला उत्तेजित करतो की आवरतो, याचा अंदाज बांधता येतो. फळमाशीच्या बाबतीत तर छायाचित्रांवर प्रशिक्षित केलेल्या संगणकाने अॅसिटिलकोलिन, ग्लुटामेट, गाबा, डोपामिन, सेरोटोनिन आणि ऑक्टोपामिन या सहांपैकी कोणता न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे चेतापेशींमधील संदेशवाहक रसायन, कुठे असावा, हेही बऱ्याच अचूकपणे ओळखून दाखवले. परंतु तो न्यूरोट्रान्समीटर ग्रहण करणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा ग्राहक रेणू, कोणत्या घटकांचा बनला आहे, हे अशा चित्रातून कळत नाही, आणि औषध काम करते ते तर त्या रिसेप्टरवरच.

या ठिकाणीही आपणच उपयोगी पडलात, आणि त्यातही एक विलक्षण योग जुळून आला. मेंदूतील आवर घालणारा प्रमुख न्यूरोट्रान्समीटर म्हणजे गाबा. तो मेंदूत असल्याचे १९५० मध्ये कळले. त्याचा अ-प्रकारचा रिसेप्टर पाच उपघटकांचे कडे असतो, कड्याच्या मधोमध असलेल्या मार्गातून क्लोराइड आयन (विद्युत्भारित कण) पेशीत शिरतात आणि पेशीची उत्तेजना खाली येते. माणसात असे १९ उपघटक असल्याने त्यांतून पाच-पाच निवडून जुळणाऱ्या रचनांची संख्या कागदावर प्रचंड होते. त्यांपैकी मेंदूत प्रत्यक्षात कोणत्या असतात, याची उत्तरे आतापर्यंत उंदरांच्या मेंदूवरून किंवा प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवलेल्या रिसेप्टरवरून काढली जात होती. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रायन हिब्स यांच्या गटाने अपस्माराच्या रुग्णांच्या ऊतीतून आल्फा-१ उपघटक असलेले रिसेप्टर वेगळे केले, अतिशीत तापमानावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांचे निरीक्षण केले आणि १२ वेगवेगळ्या नैसर्गिक जुळण्या निश्चित केल्या. हे काम २०२५ मध्ये ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या रचनांमध्ये उपघटकांच्या काही जोडांच्या फटीत रिसेप्टरचा भाग नसलेले, औषधाच्या रेणूसारखे काहीतरी दिसले. माग काढताना असे लक्षात आले की, अपस्मारावरील काही औषधांचा या रिसेप्टरवर परिणाम होतो, जो पूर्वी अपेक्षित नव्हता, आणि त्यांपैकी एक औषध तर बेन्झोडायझेपिन या शामक गटातील औषधे जिथे बसतात त्याच जागी बसते. वर्षानुवर्षे वेळच्या वेळी औषधे घेऊनही ज्यांचे झटके पूर्णपणे थांबले नाहीत, त्यांच्याच मेंदूच्या ऊतीने औषधांच्या कार्याविषयीची ही माहिती पुरवली. नव्या औषधांची आखणी करणाऱ्यांना आता माणसाच्या मेंदूतील खऱ्या रिसेप्टरचा आकार समोर ठेवून काम करता येईल. त्याचा लाभ आपल्याला मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही, पण आपल्यामागून येणाऱ्या रुग्णांना तो मिळण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे.

जिवंत कापांतून मिळालेल्या आणखी दोन गोष्टी थोडक्यात लिहिते. बर्लिनमध्ये मॅथ्यू लार्कम यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की, मानवी कॉर्टेक्सच्या दुसऱ्या व तिसऱ्या थरातील पेशींच्या वृक्षिकांमध्ये, म्हणजे संकेत घेणाऱ्या फांद्यांमध्ये, कॅल्शियमवर चालणारे एक वेगळेच विद्युत्स्पंदन उमटते. नेमकी उंबरठ्याएवढी चेतना मिळाली की ते सर्वांत जोरकस असते आणि चेतना वाढवली की उलट मंदावते. दोन संकेतांपैकी नेमका एकच आला आहे, म्हणजे ‘दोहोंपैकी एकच’, हे ओळखण्याचे जे काम एकाहून अधिक थरांच्या पेशीजालाशिवाय होत नाही असे मानले जाई, ते या गुणामुळे एकट्या पेशीच्या फांदीलाही जमू शकते. २०२१ मध्ये मार्क हार्नेट यांच्या गटाने दहा सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींची तुलना केली. पेशी मोठी होत जाते तसे पेशीच्या आवरणातील विशिष्ट आयनमार्गांचे (आयन ये-जा करणाऱ्या छिद्रांचे) प्रमाण कसे बदलते, याचा एक नियम इतर नऊ प्राण्यांत आढळला, पण मानवी पेशीत हे मार्ग त्या नियमाने अपेक्षित असलेल्यापेक्षा बरेच कमी निघाले. यामुळे वाचणारी ऊर्जा मेंदू इतरत्र वापरत असावा, असा संशोधकांचा कयास आहे. कयास बाजूला ठेवला, तरी उंदराच्या पेशीवरून माणसाच्या पेशीविषयी सरसकट बोलू नये, एवढे तर आपल्या ऊतीने पक्के केलेच आहे.

आपल्यापैकी काहींनी ऊतीबरोबर वेळही दिला आहे. झटक्यांचे उगमस्थान शोधण्यासाठी मेंदूत इलेक्ट्रोड (विद्युत्संकेत टिपणाऱ्या तारा) बसवलेले असताना, रुग्णालयातील त्या कंटाळवाण्या दिवसांत, आपण पडद्यावरची चित्रे पाहण्याचे आणि बटण दाबण्याचे प्रयोग करू दिलेत. त्यातूनच जागृत माणसाच्या अॅमिग्डलामधील, म्हणजे भावनांशी निगडित भागातील, नॉरअॅड्रिनॅलिन या संदेशवाहक रसायनाचे चढउतार सेकंदाहूनही कमी अवधीत टिपता आले.

एक आक्षेप मला मान्य आहे. अपस्माराने ग्रासलेल्या आणि दीर्घकाळ औषधे घेतलेल्या मेंदूवरून सगळ्यांच्या मेंदूविषयी किती बोलावे, याला मर्यादा आहे, आणि म्हणूनच गाठींसारख्या निरीक्षणांवर आजच शिक्कामोर्तब करता येत नाही. ती मर्यादा संशोधकांच्या निष्कर्षांची आहे. आपण जे दिले त्याचे मोल तिने उणे होत नाही.

हार्वर्ड आणि गूगल यांनी तयार केलेला तो आराखडा सर्वांसाठी खुला आहे. संगणकाने काढलेल्या मागात चुका राहतात, एका पेशीचा तंतू दुसरीला चिकटतो किंवा मध्येच तुटतो, आणि त्या माणसाने डोळ्यांनी तपासून दुरुस्त कराव्या लागतात. त्या १५ कोटी सिनॅप्सांपैकी फार थोडे आजवर कुणी बारकाईने पाहिले आहेत. माझे काही विद्यार्थी आता वर्गाबाहेरच्या वेळेत त्यातल्या एकेका पेशीचे तंतू तपासत बसतात. ते काम सुरू करण्यापूर्वी मूळ शोधनिबंधातील आपल्या संमतीविषयीचे वाक्य मी त्यांना मोठ्याने वाचायला लावते, आणि त्यांनी केलेल्या प्रत्येक आकृतीखाली ऊती देणाऱ्या व्यक्तीचे आभार लिहिण्याचा दंडक घातला आहे. नाव लिहिता येत नाही, म्हणून ‘ऊती देणाऱ्या रुग्णाचे आभार’ एवढेच लिहितो. त्या सगळ्यांच्या वतीने आणि माझ्या स्वतःच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानते.

आपली कृतज्ञ,
मज्जासंस्था शिकवणारी एक शिक्षिका