‘बेंगाल’च्या मॉडेलचा पिछाडीचा डेक पुरा करण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

‘एच.एम.आय.एस. बेंगाल’ आपल्या सभासदांना नव्याने सांगायला नको. सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधलेली ही माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारी युद्धनौका, ऑगस्ट 1942 मध्ये तेव्हाच्या भारतीय नौदलात आली आणि 11 नोव्हेंबरला, ‘ओंडिना’ या डच टँकरच्या सोबतीला असताना, कोकोस बेटांजवळ दोन सशस्त्र जपानी जहाजांना भिडली. ती दोन्ही दहा हजार टनांवरची. आपली जेमतेम 57 मीटर लांब, पुढे एकच 12 पौंडी तोफ. ‘होकोकु मारू’ बुडाली. कोणाच्या गोळ्याने, यावर अजून वाद आहे.

तिचे 1:48 प्रमाणातले, 118 सेंटिमीटरचे मॉडेल इथवर आले ते देणगीदारांच्या पुण्याईने. होडी बांधणाऱ्या आपल्या मेस्त्रींनी सांगाड्याचा सगळा साग बिनमोल दिला. निवृत्त नौसैनिकांनी पेन्शनमधून पैसे काढले. शाळेच्या मुलांनी दोन रविवार पॉलिशपेपर मारला. या जातीच्या सगळ्या जहाजांच्या सामायिक आराखड्यावरून आधी 4 इंची तोफ बसली होती. ‘बेंगाल’वर ती नव्हती, म्हणून एका माजी तोफची सभासदाने ती उतरवून 12 पौंडी स्वतः घडवून दिली. या सर्वांचे ऋण फिटणारे नाही.

आता अडले आहे ते पिछाडीला, आणि माइनस्वीपरचे खरे काम तिथेच. एका दिवसाच्या लढाईची आठवण सगळ्यांना आहे. रोज बंदराची वाट मोकळी करणाऱ्या तारेची कुणाला नाही. तार विंचवरून (तार गुंडाळायच्या यंत्रावरून) सुटते, पिछाडीखाली ‘काइट’ नावाची ओढफळी तिला खोल दाबून धरते, दूरच्या टोकाला ‘ऑटर’ ही दुसरी फळी तिला बाजूला खेचते आणि वरचा तरंगता फ्लोट तिला ठरलेल्या खोलीवर तोलून धरतो. सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारा दोर तारेवर घासून किंवा कटरमध्ये अडकून तुटतो, सुरुंग वर येतो, मग त्यावर गोळ्या झाडायच्या. काइट नसेल तर तार वर उचलली जाते आणि सुरुंग खालीच राहतो. म्हणून मॉडेलमध्ये यातले काहीही गाळता येणार नाही.

हवे आहे: पितळी पट्टी व नळी (डेव्हिट, म्हणजे सामान पाण्यात सोडायचे वाकडे खांब, डाक देऊनच जोडायचे, गोंदाचा सांधा पावसाळ्यात सुटला), विंचचे दोन ड्रम, पिळाची बारीक तार (गुळगुळीत चालत नाही), काचपेटी. एकूण 38,000 रुपये कमी पडतात. घरी नौसैनिकांचे जुने फोटो असतील तर मागची बाजूही दाखवा. युद्धकाळात टोपीच्या पट्टीवर जहाजाचे नाव नसे, ते मागेच लिहिलेले सापडते. लॅमिनेशन किंवा सेलोटेप कृपया करू नका.

गेल्या आवाहनाला फक्त दोन पाकिटे आली. दिवाळी अंकाच्या जाहिराती एका आठवड्यात भरतात, हे पाहून वाईट वाटते.

रोख/चेक कार्यालयात संध्या. 6 ते 8 (मंगळ. बंद), ऑनलाइन दिल्यास शेऱ्यात ‘बेंगाल’ लिहा, पावती लगेच, वस्तू दिल्यास नोंदवहीत सही करा, शेवटची तारीख 31 ऑक्टोबर, 11 नोव्हेंबरला मॉडेल मांडायचे आहे.

आपला,
चिटणीस